मोटारसायकलचे इंजिन नदीत उतरते तेव्हा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कॅन्टरबरी प्रांतातल्या नद्या कृष्णा-गोदावरीसारख्या एका पात्रातून वाहत नाहीत. वायमाकारिरी, राकाया, वायटाकी या नद्या डोंगर सोडून सपाटीवर आल्या, की गोट्यांच्या रुंद पटांगणावर वेणीच्या पेडांसारख्या अनेक धारांमध्ये विभागतात. एखाद्या धारेला कमरेइतके पाणी असते, शेजारच्या धारेत घोटाही बुडत नाही. अशा पाण्यात पंख्याची होडी चालत नाही. पंखा गोट्यांवर आपटतो आणि मोडतो. याच प्रदेशात, आयरिशमन क्रीक येथील आपल्या मेंढपाळीच्या जमिनीवर, बिल हॅमिल्टन या यंत्रज्ञाने १९५०च्या दशकात पंखा काढून टाकला. होडीच्या तळातून पाणी आत ओढायचे, पंपाने त्याला वेग द्यायचा आणि मागच्या बाजूने ते फेकायचे, अशी रचना त्याने बसवली. पाण्याचा झोत तळाखाली सोडण्याऐवजी होडीच्या मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर सोडला, तेव्हा त्याच्या छोट्या होडीचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटरवरून २७ किलोमीटरवर गेला. खाली काहीच लोंबत नसल्यामुळे वेगात धावणारी होडी वीतभर पाण्यावरूनही निघून जाऊ लागली.

हॅमिल्टनच्या होड्यांनी १९६० साली अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी प्रवाहाविरुद्ध पार केली. भारतीय वाचकांना अधिक जवळची मोहीम १९७७ सालची आहे. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले आणि गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयात नंदप्रयागपर्यंत पोहोचले. होड्यांची नावे ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’ अशी होती आणि चालकांमध्ये बिल हॅमिल्टनचा मुलगा जॉन होता.

आजच्या विषयाच्या दृष्टीने या इतिहासातली एक गोष्ट महत्त्वाची. हॅमिल्टनच्या त्या पहिल्या होडीतले इंजिन होडीसाठी बनलेले नव्हते. ते फोर्ड मोटारीचे होते. म्हणजे परके इंजिन होडीत बसवण्याची रीत जेट बोटीइतकीच जुनी आहे. मोटारीच्या इंजिनांची जागा लहान होड्यांत मोटारसायकलच्या इंजिनांनी घेतली, हा त्याच रीतीचा पुढचा टप्पा. न्यूझीलंडमध्ये, तसेच अमेरिकेच्या आयडाहो, ऑरेगन, अलास्का या भागांत साडेतीन-चार मीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या दोन आसनी जेट बोटी घरच्या गॅरेजमध्ये बांधल्या जातात. अशी तयार होडी विकत घेण्याचा मोह तिथे राहणाऱ्या नोकरदारांनाही होतो. किंमत नव्या होडीच्या मानाने कमी असते आणि जाहिरातीत लिहिलेला अश्वशक्तीचा आकडा डोळे दिपवतो. मात्र त्या आकड्यावरून होडीविषयी फारच थोडे कळते.

अपघातात सांगाडा मोडलेली, पण इंजिन शाबूत असलेली १,००० सीसीची किंवा त्याहून मोठी स्पोर्ट्स बाइक विमा कंपन्यांच्या लिलावात स्वस्तात मिळते. तिचे इंजिन दीडशेच्या वर अश्वशक्ती देते आणि गिअरबॉक्ससह त्याचे वजन साधारणपणे १०० किलोच्या आत राहते. तेवढीच शक्ती मोटारीच्या इंजिनातून मिळवायची तर वजन बरेच वाढते आणि उथळ पाण्यातल्या लहान होडीत प्रत्येक किलो जाणवतो. इथवर हिशेब सरळ आहे. अडचण अशी, की मोटारसायकलचे इंजिन ही स्वतंत्र वस्तू नाही. ते बाइकचा एक अवयव आहे. वारा, रस्ता, वळणावरचे झुकणे, उघडी हवा, दर काही सेकंदांनी मिळणारी उसंत, या गोष्टी बाइक त्याला फुकट पुरवत असते. होडीत यातली एकही मिळत नाही. प्रत्येक गोष्ट नव्याने बांधून द्यावी लागते आणि जी विसरली जाते तिथूनच बिघाड सुरू होतो.

पंपाची भूक

पहिला प्रश्न इंजिनाचा नसून पंपाचा आहे. जेट पंपात एका नळीत इम्पेलर फिरतो, त्याच्या मागे पाण्याचा पीळ सरळ करणारी स्थिर पाती असतात आणि शेवटी निमुळते नोझल असते. पंपाला फिरवण्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखादा पंप मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर १०० किलोवॅट शक्ती खातो. तोच पंप ६,००० फेऱ्यांवर सुमारे ६३ किलोवॅट आणि ५,००० फेऱ्यांवर केवळ ३६ किलोवॅट खाईल. ८,००० फेऱ्यांवर मात्र त्याला जवळजवळ १५० किलोवॅट लागतील. याचा उलट अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याच पंपाला १०० ऐवजी १२० किलोवॅटचे इंजिन जोडले, तर फेऱ्या वीस टक्क्यांनी वाढत नाहीत, फक्त सहा टक्क्यांनी वाढतात. जास्त शक्तीचे इंजिन आणून निराश झालेल्या हौशी लोकांच्या निराशेचे गणित हेच असते.

पंपाचा दुसरा गुण असा, की होडी उभी असो वा धावत असो, ठरावीक फेऱ्यांवर तो जवळपास तेवढीच शक्ती मागतो. त्यामुळे बाइकला लागतात तसे सहा गिअर होडीला लागत नाहीत, एकच पुरतो. तो कोणता, हे मात्र नीट ठरवावे लागते.

सुझुकीच्या पहिल्या पिढीच्या हायाबुसाचे उदाहरण घेऊ. १,२९८ सीसीचे हे इंजिन ९,८०० फेऱ्यांवर सुमारे १७५ अश्वशक्ती देते. क्रँकशाफ्ट आणि क्लच यांच्यामध्ये १.५९६ पटीची प्राथमिक घट आहे आणि सहाव्या गिअरचे प्रमाण १.०४३ आहे. दोन्हींचा गुणाकार केला, की इंजिन ९,८०० फेऱ्यांवर असताना पुढचे स्प्रॉकेट मिनिटाला सुमारे ५,९०० फेऱ्या घेते असे दिसते. पाचव्या गिअरमध्ये तोच आकडा ५,४०० आणि चौथ्यात ४,८०० होतो. आता या होडीत जेट स्कीचा पंप बसवायचा असेल, तर तो साधारण ७,००० ते ८,००० फेऱ्यांसाठी घडवलेला असतो. म्हणजे सर्वांत वरचा गिअर टाकूनही शाफ्ट हळूच फिरतो. पंपाला पूर्ण वेग द्यायचा तर स्प्रॉकेट किंवा दातेरी पट्टा वापरून वेग आणखी सव्वापट वाढवावा लागतो. मोटारीच्या इंजिनासाठी बनलेला मोठा पंप घेतला तर उलट स्थिती होते. तो कमी फेऱ्यांवरच पोट भरून घेतो, त्यामुळे खालचा गिअर निवडावा लागतो.

जुळणी चुकली तर दोनपैकी एक गोष्ट घडते. पंप जड झाला तर इंजिन ७,००० फेऱ्यांवरच अडकते. ९,८०० फेऱ्यांवर मिळणारी १७५ अश्वशक्ती कागदावरच राहते आणि इंजिन सतत ओझ्याखाली कण्हत तापते. पंप हलका झाला तर इंजिन क्षणात फेऱ्यांच्या मर्यादेला जाऊन भिडते, आवाज कानठळ्या बसवतो, होडी मात्र रेंगाळते. चढावर चुकीच्या गिअरमध्ये सायकल मारणाऱ्याची जी गत होते तीच ही. मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचा खरा फायदा इथे आहे. पंप न उघडता गिअर बदलून तीन-चार प्रमाणे एकाच दुपारी तपासता येतात. उरलेला बारीक फरक वेगळ्या पिळाचा इम्पेलर लावून साधता येतो. योग्य गिअर सापडला, की तो पक्का करून टाकणारे बरेच असतात.

चेनविषयी एक इशारा. हायाबुसाच्या मूळ १७ दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेनची ती गती, म्हणजे सेकंदाला सुमारे २६ मीटर, बाइकवर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास गेल्यावरच येते. रस्त्यावर ती क्वचित काही क्षण येते. होडीत पूर्ण थ्रॉटलला दर मिनिटाला येते आणि वेग वाढवण्यासाठी पुढचे स्प्रॉकेट मोठे केले तर तिच्याही पुढे जाते. त्यात पाण्याचे तुषार आणि वाळूची भर. म्हणून चेन वापरणाऱ्याने ती बंद पेटीत ठेवावी, तेल नियमित द्यावे आणि पेटीचे पत्रे जाड घ्यावेत. त्या वेगाने तुटलेली चेन पातळ पत्रा सहज फाडते आणि शेजारी बसलेल्या माणसाचे पाय तिथून हातभर अंतरावर असतात.

नव्वद अंशांचे परिणाम

बाइकमध्ये क्रँकशाफ्ट आडवा असतो, डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे. होडीत पंपाचा शाफ्ट लांबीच्या दिशेने असतो. म्हणून इंजिन नव्वद अंशांत फिरवून बसवावे लागते. त्यातून काही गोष्टी ओघाने येतात.

पहिली गोष्ट फिरण्याच्या दिशेची. स्प्रॉकेट डाव्या बाजूला असलेल्या बाइकचा बाहेरचा शाफ्ट, स्प्रॉकेटकडून पाहिल्यास, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. ते टोक होडीच्या मागच्या बाजूकडे ठेवले तर मागून पाहणाऱ्याला शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरताना दिसतो. पुढच्या बाजूकडे ठेवले तर घड्याळाप्रमाणे. चेन आणि पट्टा ही दिशा कायम ठेवतात, दात्यांची एक जोडी ती उलटवते. इम्पेलर मात्र एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. इंजिनाचे पाय वेल्डिंग करण्याआधी हा विचार झाला नाही, तर पाय कापून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक घातक आहे आणि ती तेलाची आहे. बाइक वळणावर झुकते तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा रेटा यांचा एकत्रित परिणाम बाइकच्या उभ्या रेषेतच राहतो. त्यामुळे गुडघा रस्त्याला टेकवणाऱ्या शर्यतपटूच्या इंजिनातही तेल तळाशी, आपल्या जागीच असते. जेट बोट अशी झुकत नाही. ती जवळजवळ सपाट राहून घसरते आणि वेगातच जागच्या जागी गरकन उलटी वळवण्याची तिची प्रसिद्ध कसरत हॅमिल्टनच्याच नावाने ओळखली जाते. अशा वळणात तेल एका भिंतीवर चढते. इंजिन नव्वद अंशांत फिरवलेले असल्याने एका बाजूचे वळण त्याला कचकचून ब्रेक लावल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या बाजूचे वळण पुढचे चाक उचलून धावल्यासारखे. फरक इतकाच, की ब्रेक दोन-तीन सेकंदांत सुटतो, नदीचे वळण लांबत जाते. तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड तेवढ्या वेळात उघडे पडले तर बेअरिंगांमध्ये हवा जाते आणि ९,००० फेऱ्यांवर तेलाविना बेअरिंग जळायला काही सेकंद पुरतात.

उपाय माहितीतले आहेत. तेलाच्या तळटाकीत आडव्या पट्ट्या घालून तेलाची धाव रोखता येते. दाबाखाली तेल साठवून गरजेला सोडणारी छोटी टाकी जोडता येते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तळटाकीऐवजी वेगळी उभी टाकी आणि तेल खेचून घेणारा जादा पंप, ज्याला ड्राय संप म्हणतात. यामाहाने २००२ साली एफएक्स-१४० ही जेट स्की आणली, तेव्हा तिचे ९९८ सीसीचे इंजिन कंपनीच्याच आर-१ मोटारसायकलच्या इंजिनावर आधारलेले होते. म्हणजे हा बदल खुद्द कारखान्याने करून पाहिला आहे. त्यात कंपनीने ड्राय संप दिला. इंजिन १०,००० फेऱ्या घेत असल्याने पंपाकडे जाताना वेग कमी करणारे दाते बसवले. बाइकचा सहा गिअरचा डबा मात्र ठेवला नाही. अमाप साधने आणि वर्षांचा अनुभव असलेल्या कंपनीला जे टाळता आले नाही, ते गॅरेजमध्ये टाळता येईल असे समजणे धाडसाचे आहे.

तिसरी गोष्ट थोडक्यात. पंप पाणी मागे फेकतो तेव्हा त्याचा शाफ्ट पुढे रेटला जातो. होडी चालते ती याच रेट्याने. हा रेटा पंपाच्या स्वतःच्या थ्रस्ट बेअरिंगने घेतला पाहिजे. बाइकच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट असे ओझे वाहण्यासाठी घडलेला नसतो, म्हणून मध्ये सरकणारे किंवा लवचीक कपलिंग हवेच.

पाणी आत, उष्णता बाहेर

बाइकचा रेडिएटर ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात उभा असतो. झाकणाखालच्या इंजिनाला वारा नाही, पण खाली थंड पाण्याची नदी आहे. पंपाच्या दाबावरचे थोडे पाणी वळवून सरळ इंजिनातून फिरवण्याचा मोह होतो आणि अनेक जण तसे करतात. त्यात दोन खोटी आहेत. हिमनद्यांतून येणाऱ्या नद्यांच्या पाण्यात पिठासारखा बारीक गाळ असतो, तो अरुंद वाटांमध्ये बसतो. शिवाय बर्फाळ पाण्याने इंजिन नको इतके थंड राहते आणि तेलात पेट्रोल व ओल मिसळत जाते. शहाणपणाचा मार्ग हीट एक्स्चेंजरचा. इंजिनात बंद चक्रात कूलंट फिरते, नदीचे पाणी एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूने वाहून उष्णता घेऊन जाते. कूलंटमधून ६० किलोवॅट उष्णता काढायची आणि नदीचे पाणी ३० अंशांनी तापू द्यायचे असे धरले, तर मिनिटाला सुमारे २९ लिटर पाणी पुरते. पूर्ण वेगात पंपाला हे काहीच नाही. मंद फेऱ्यांवर मात्र पंपाचा दाब पडतो, म्हणून धक्क्याजवळ रेंगाळताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. दुबई, बहारीन किंवा मॉरिशसच्या खाऱ्या पाण्यात नदीच्या होडीची ही चर्चा पुरी पडत नाही. बाइकचे अॅल्युमिनियम मिठासाठी बनलेले नसते, तिथे जेट स्कीचेच इंजिन घ्यावे.

एक्झॉस्टची कथा अशीच. रस्त्यावर वाऱ्याने थंड होणाऱ्या नळ्या पेटीत बंद झाल्या, की शेजारची वायर, नळी, फायबर सगळे भाजून काढतात. पाण्याचे आवरण असलेल्या नळ्या किंवा मजबूत उष्णतारोधक गुंडाळी हवी. धुरात पाणी सोडून तो थंड करणार असाल, तर पाणी सोडण्याची जागा इंजिनापासून दूर आणि नळीच्या उंचवट्यानंतर असावी. इंजिन बंद झाल्यावर एक पेला पाणी सिलिंडरात उतरले तरी पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो.

एक चमचा पेट्रोल

बाइकवर पेट्रोलची नळी गळली तर वाफ वाऱ्यावर जाते, डबके रस्त्यावर पडते, चालकाच्या नाकाला वास येतो आणि तो गाडी कडेला घेतो. होडीचा तळ म्हणजे बंद वाटी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती त्या वाटीत साचते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण आकारमानाने सुमारे १.४ टक्के झाले, की ठिणगीने भडका उडू शकतो. इंजिनाच्या पेटीत २०० लिटर मोकळी जागा धरली, तर त्यासाठी जेमतेम तीन लिटर वाफ लागते आणि ती तयार करायला साधारण टेबलचमचाभर पेट्रोल पुरते. बाइकचा स्टार्टर, रिले, वायरींचे सांधे हे सगळे उघड्या हवेसाठी बनलेले आहेत. त्यातली ठिणगी बाहेर निसटू नये अशी रचना त्यांत नसते. होडीसाठी बनलेल्या विद्युत भागांत ती मुद्दाम केलेली असते.

अमेरिकेत हा विषय कायद्याने बांधलेला आहे. होडीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या तोंडावर, उलटा भडका रोखणारा फ्लेम अरेस्टर तिथे १९४०पासून सक्तीचा आहे. बंदिस्त इंजिनकक्षात वायुवीजन हवे आणि सुरू करण्याआधी चार मिनिटे पंखा चालवून वाफ बाहेर काढण्याची शिफारस तिथले तटरक्षक दल करते. बाइकचा कागदी एअर फिल्टर फ्लेम अरेस्टरचे काम करत नाही. वापरलेली होडी पाहायला जाणाऱ्याने झाकण उघडल्यावर प्रथम नाक वापरावे. पेट्रोलचा वास आला तर अश्वशक्तीची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

विजेची दुसरी बाजू कमी धोक्याची, पण जास्त डोकेदुखीची आहे. आधुनिक बाइकचा संगणक साइड स्टँड उचलला आहे का, क्लच दाबला आहे का, गिअर कोणता आहे, चावी मूळची आहे का, गाडी आडवी तर पडली नाही ना, हे सगळे विचारत असतो. होडीत साइड स्टँड नाही, तरी उत्तर द्यावे लागते. नाहीतर इंजिन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन दबलेल्या अवस्थेत चालते. गाडी पडल्याचे ओळखणारा सेन्सर कोणत्या बाजूने कसा बसवायचा हेही पाहावे लागते. म्हणून जाणकार नुसते इंजिन विकत घेत नाहीत. वायरींचे पूर्ण जाळे, संगणक, चावी, डॅशबोर्ड यांच्यासह अख्खी अपघातग्रस्त बाइक घेतात आणि उरलेले भाग विकून टाकतात.

इथे मराठी वाचकाच्या मनात बुलेटचा विचार येणे साहजिक आहे. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी इंजिनाची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती आहे आणि ते बहुतांशी हवेने थंड होते. बंद पेटीत त्याचा दम घुटेल आणि तेवढ्या शक्तीवर दोन माणसांची होडी पाण्यावर चढून धावणार नाही. पुण्याजवळ चाकणला तयार झालेले केटीएमचे ३७३ सीसीचे इंजिन सुमारे ४३ अश्वशक्ती देते आणि पाण्याने थंड होते. एका माणसाच्या अगदी हलक्या होडीसाठी त्याचा विचार करता येईल. पण मग एका सिलिंडरचा थरथराट आणि लहानसा पंप, दोन्हींसाठी वेगळी रचना करावी लागेल.

शक्ती गेली की सुकाणू गेले

या सगळ्या खटाटोपात नेमके काय पणाला लागलेले असते, हे जेट बोट वळते कशी यावरून कळते. तिला सुकाणूचे पाते नसते. मागचे नोझल डावीकडे-उजवीकडे वळते आणि झोताची दिशा बदलते, तेवढ्यावर ती वळते. झोत नाही तर वळण नाही. समोर खडक दिसल्यावर घाबरून थ्रॉटल सोडणारा नवखा चालक ज्या क्षणी वळायला हवे त्याच क्षणी वळण्याची क्षमता गमावतो. अशा वेळी थोडी शक्ती देऊनच वळावे लागते आणि ही सवय सरावानेच अंगी बाणते. ब्रेकही नसतो, नोझलमागे खाली येणारे झडप, ज्याला बकेट म्हणतात, झोत पुढे वळवते आणि होडी थांबते. तिलाही झोतच लागतो.

मोटारसायकलचे इंजिन बंद पडले तर चालक क्लच दाबून कडेला येतो. जेट बोटीचे इंजिन प्रवाहाच्या मध्यावर बंद पडले तर होडी नदीची होते. तेल कमी पडणे, वायर भाजणे, संगणकाने ‘गाडी पडली’ असे समजून इंजिन थांबवणे, या गॅरेजमधल्या किरकोळ वाटणाऱ्या चुका पाण्यात अशा रीतीने मोठ्या होतात. वजन आणि अश्वशक्ती यांच्या गप्पांत हा मुद्दा मागे पडतो, त्याला मात्र पहिले स्थान हवे. त्यात कामाचे स्वरूपही वेगळे. मोठी बाइक महामार्गावर तिच्या शक्तीचा लहानसा हिस्साच वापरते. होडी पाण्यावर धावती ठेवायला इंजिन तासन्‌तास जड ओझ्याखाली चालवावे लागते. तेल बदलण्याचा हिशेब म्हणून किलोमीटरने नव्हे, तासांनी ठेवतात आणि क्लचच्या स्प्रिंगा मूळच्यापेक्षा कडक घालतात.

चालक होडीबाहेर फेकला गेला तर इंजिन थांबवणारा दोर ही दुसरी अपरिहार्य गोष्ट. बाइकच्या हँडलवरचे लाल बटण ज्या वायरवर काम करते तिथेच हा दोर जोडता येतो. सगळ्या रूपांतरात याहून स्वस्त काम नाही. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर असा दोर किंवा त्याचा बिनतारी पर्याय चालवताना वापरणे १ एप्रिल २०२१पासून बंधनकारक आहे. न्यूझीलंडमध्ये हौशी चालकाला परवाना लागत नाही. पण किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि माणसांपासून किंवा दुसऱ्या होडीपासून ५० मीटरच्या आत वेग ५ नॉटच्या वर नेता येत नाही. ज्या नदीच्या पट्ट्यांवर स्थानिक प्रशासनाने ही मर्यादा उठवली आहे, तिथेच वेगात धावता येते. कोणता पट्टा मोकळा आहे आणि कोणत्या महिन्यांत, हे आधी पाहून जावे. विमा कंपनीला इंजिन बदलल्याचे लेखी कळवले नसेल, तर दाव्याच्या वेळी विम्याचा उपयोग होईल असे गृहीत धरू नये.

मग हे करावे की नाही? ज्याला केवळ नदीवर शनिवार-रविवार घालवायचा आहे, त्याने अपघातग्रस्त जेट स्की शोधावी. तिच्यात इंजिन, पंप, शीतकरण, एक्झॉस्ट आणि ठिणगीबंद विद्युत भाग आधीच एकमेकांशी जुळवलेले मिळतात. मोटारसायकलचे इंजिन त्याच्यासाठी आहे, ज्याला ही जुळवाजुळव हाच आनंद वाटतो, ज्याच्याकडे वेल्डिंग आणि लेथ यांची सोय आहे आणि ज्याचे पाणी गोडे आहे. दुसऱ्याने केलेले रूपांतर विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते. तीव्र वळणात तेलाच्या दाबाचा काटा किती पडतो? पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फेऱ्यांवर स्थिरावते? इंजिनाच्या पेटीतली हवा कशी बदलते? पहिल्या प्रश्नावर ‘तो काटा बसवलेलाच नाही’ असे उत्तर आले तर चहा घेऊन परत यावे.

नव्या रूपांतराची पहिली चाचणी होडी ट्रेलरला बांधलेली असतानाच, पंप पाण्यात बुडवून घेतात. कूलंट, तेलाचा दाब, गळती, कपलिंगचा थरथराट हे सगळे अर्धा तास पाहायचे, मग झाकण उघडून पुन्हा पाहायचे. आतून खडखडाट आला किंवा फेऱ्या वाढूनही रेटा वाढला नाही, तर पंपात हवा शिरते आहे, जाळीत गोटे अडकले आहेत किंवा पात्यांवर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे होत आहेत, असे समजून थांबायचे. दोर सोडल्यावर पहिली फेरी नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या अंगाला घ्यायची, सोबत वल्हे आणि नांगर ठेवून. इंजिन बंद पडलेच तर पाणीच होडीला ट्रेलर उभ्या असलेल्या काठाकडे घेऊन येते.